चुलीजवळ धंदा, कडेवर लेकरू: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावातल्या शहापूरच्या एका गल्लीत आमचं घर आहे. पुढं सोपा, मग मधलं घर, स्वयंपाकघर आणि मागं परडं. सासऱ्यांच्या काळात सोप्यात माग होता, आता तिथं चटणीचे डबे आणि चकलीचे ट्रे असतात. मुलगा दुसरीत आहे, मुलगी तीन वर्षांची. धंदा मुलापेक्षा वर्षानं लहान. वडगाव, अनगोळ, खानापूर, निपाणीहून बायका माल न्यायला येतात आणि पिशवी भरता भरता प्रश्न विचारतात. तेच इथं लिहिले आहेत. मी खाण्याच्या धंद्यातली, त्यामुळं उदाहरणं चुलीचीच येतील. पण शिवणकाम, साडीला फॉल-पिको किंवा मागाचं काम घरातून करणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

लेकरू किती मोठं झाल्यावर धंदा सुरू करावा?

पहिले सहा महिने बाळ फक्त अंगावरच्या दुधावर असतं. त्या काळात नवीन धंदा काढू नका. आधीपासून असेल तर निम्मा करा. पुढं बाळ बसायला लागलं की वाटतं, आता जमेल. पण खरा कठीण काळ चालायला लागल्यापासून अडीच वर्षांपर्यंतचा असतो. त्या वयात पोर हातात येईल ते ओढतं, आणि चुलीजवळ ओढण्यासारखं फार असतं. मी मुलगा वर्षाचा असताना सुरुवात केली. आज कुणी विचारलं तर सांगीन, त्या वयात ज्याला आच लागत नाही ते करा: भाजलेलं धान्य-डाळी विकत आणून मेतकूट, भाजणी दळणं आणि पॅकिंग, पापडाची लाटी देणं. कढई नंतर चढवा.

घर दोन खोल्यांचं आहे. वेगळी जागा कुठून आणू?

वेगळी खोली लागत नाही, वेगळी हद्द लागते. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला कमरेइतकं फळीचं फाटक आहे, सुताराकडून करून घेतलेलं, कडी बाहेरच्या अंगाला वरती. कढई तापलेली असताना फाटकाच्या आत कोणतंही लेकरू येत नाही. नियम एवढाच आणि त्याला सण-पाहुणे अपवाद नाहीत. कढई भिंतीकडच्या शेगडीवर, दांडा आत वळवलेला. तळून झालेलं गरम तेल जमिनीवर ठेवायचं नाही, थंड होईपर्यंत ओट्यावरच आत सरकवून ठेवायचं.

चटणीसाठी मिरची भाजणं, परतणं परड्यातच, आणि तेही मुलगा शाळेत असताना. ठसका शेजारच्या घरातही जातो. ज्या घरात दम्याचं माणूस किंवा तान्हं बाळ आहे त्या घरात आदल्या दिवशी सांगून यायचं. आमच्या गल्लीत या सांगून येण्यामुळं कधी भांडण झालं नाही.

धंद्याला घरगुती लाल सिलिंडर वापरू नका. १४.२ किलोचा घरच्या स्वयंपाकासाठी असतो, धंद्याला १९ किलोचा घ्यावा लागतो. महाग पडतो, तो खर्च दरात धरा.

मिरचीच्या हातानं बाळाला घेतलं तर?

हे माझ्या हातून झालं आहे. मुलगी दहा महिन्यांची होती. ब्याडगी आणि संकेश्वरीची देठं काढत बसले होते, ती रडली म्हणून हात पाण्यानं धुतले आणि उचललं. तिच्या गालावर, डोळ्याखाली लाल चट्टे उठले आणि ती तासभर रडत राहिली. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून आधी हाताला खायचं तेल चोळायचं, पुसून काढायचं, मग साबणानं दोनदा धुवायचं. डोळ्यात गेलं तर तेल नाही, स्वच्छ पाण्याची धार, पंधरा-वीस मिनिटं, आणि मग डॉक्टर. भाजलं तरी नळाखाली वीस मिनिटं साधं पाणी सोडायचं. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावायचं नाही. १०८ हा आकडा फाटकावर लिहून ठेवला आहे.

आता मिरचीच्या दिवशी मी वेगळा झगा घालते, आणि तो उतरवल्याशिवाय मुलीला घेत नाही. रडली तरी.

दिवस कसा लावता?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर प्रत्येक घरात वेगळं निघेल, कारण बेळगावात नळ रोज येत नाही. ज्या भागात चोवीस तास पाणी आहे तिथल्या बायकांना हे कळायचं नाही. आमच्याकडं पाणी येतं तो दिवस धुण्या-भरण्याचा. त्या दिवशी मी तळण धरतच नाही. ऑर्डर घेतानाच नळाचा दिवस सोडून तारीख देते.

बाकी दिवशी पहाटे साडेचारला उठते. पाच ते सात, लेकरं झोपेत असताना, तळण. जगातली सगळ्यात शांत कढई तीच. सात ते साडेनऊ धंद्याला हात लावत नाही: दूध, डबा, वेण्या, शाळा. मुलगी अंगणवाडीत गेली की मळणं, भाजणं, बाजार. रविवार पेठेत किराणा घाऊक मिळतो, तो आठवड्यातून एकदाच. दुपारी ती झोपली की पॅकिंग, वजन, लेबल. संध्याकाळी पाच ते रात्री नऊ काहीही नाही. फोनही मधल्या घरातल्या कपाटावर.

ही संध्याकाळ मी सहज मिळवली नाही. पहिली दोन वर्षं कुणीही केव्हाही दार वाजवायचं, आणि मी लेकराच्या तोंडातला घास तसाच ठेवून चटणी मोजायला उठायची. मुलगा बोलायला लागल्यावर दार वाजलं की म्हणायचा, "आई, गिऱ्हाईक." त्याला पाहुणे, आजोबा, शेजारच्या काकू सगळे गिऱ्हाईकच वाटत होते. त्या दिवसानंतर वेळ ठरवली आणि दारावर लिहिली. दोन-चार गिऱ्हाइकं तुटली. बाकीची वेळेत यायला लागली.

सासूबाई मुलं सांभाळतात. मग अडचण काय?

अडचण नाही, पण ते काम आहे हे घरात मोठ्यानं म्हटलं पाहिजे. आमच्या सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात. तीन वर्षांच्या पोरीमागं धावणं त्यांना रोज जमत नाही. म्हणून त्यांच्याकडं बसून करायचं काम असतं: लसूण सोलणं, भाजणी निवडणं, अनारशाच्या पिठावर लक्ष. आणि दर महिन्याला धंद्याच्या पैशातून ठरलेली रक्कम त्यांच्या हातात. आधी त्या घेत नव्हत्या. "घरच्या घरात कसले पैसे?" मी म्हटलं, "अहो आई, बाहेरची बाई ठेवली असती तर दिलेच असते." आता त्या पैशानं त्या सौंदत्तीच्या यल्लम्माला जाऊन येतात आणि नातवंडांना जत्रेतली खेळणी आणतात.

अंगणवाडी, पाळणाघर?

अंगणवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. गावात असाल तर ग्रामपंचायतीत 'कूसिन मने' आहे का विचारा. रोजगार हमीवर जाणाऱ्या आणि इतर कष्टकरी बायांच्या लहानग्यांसाठी राज्यानं काढलेली ही पाळणाघरं आहेत. शहरात खासगी पाळणाघरं असतात, बघून, दोन दिवस स्वतः बसून मगच ठेवा.

दर कसा लावायचा? ओळखीच्या लोकांकडून जास्त घ्यायला लाज वाटते.

लाज वाटते तिथंच धंदा बुडतो आणि त्याची किंमत लेकरांच्या झोपेतून वसूल होते. एक किलो चकलीचा हिशेब करून दाखवते, आकडे फक्त समजण्यापुरते. भाजणी, तेल, तीळ, लोणी मिळून १८०. गॅस २५. पिशवी आणि लेबल १५. झाले २२०. बहुतेक जणी इथं थांबतात आणि २६० ला विकतात. पण मळण्यापासून पिशवी बंद करण्यापर्यंत दोन तास गेले, ते कुठं धरले? तासाला ७० धरले तरी १४०. म्हणजे ३६०. त्यावर मोडलेल्या चकल्या, एखादा फसलेला घाणा, बुडालेली उधारी यासाठी दहा टक्के. चारशेच्या जवळ गेलं की तो दर.

"तू घरातच असतेस, तुला कसला खर्च?" असं म्हणणारं गिऱ्हाईक भेटेल. त्यांना उत्तर देत बसू नका, दर सांगा. माल चांगला असेल तर परत येतात. आणि उधारी सणाच्या आधी नाही. गणपतीच्या वेळची उधारी दिवाळीत मागताना मैत्री तुटते, हे मी बघितलं आहे.

कोल्हापूर, चंदगड, गोव्याला माल पाठवता येतो का?

इथं सीमेवरच्या आपल्यासारख्यांची सगळ्यात जास्त फसगत होते. महाराष्ट्रातलं शिनोळी आपल्याला शेजारचं गाव वाटतं, नणंद कोल्हापुरात दिलेली असते, चोर्ला घाटातून रोज गोव्याला गाड्या जातात. पण करासाठी महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही परराज्यं.

कर्नाटकात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. जेवणाच्या ऑर्डरी घेत असाल तर ती सेवा धरतात, तिथं मर्यादा २० लाख. आपल्यापैकी बहुतेक जणी याच्या खूप खाली. पण करपात्र माल राज्याबाहेर पाठवला तर ही मर्यादा लागूच होत नाही, पहिल्या पार्सलपासून नोंदणी पाहिजे. लहान व्यापाऱ्यांसाठीची कंपोझिशनची सोपी योजना घेतली तर राज्याबाहेर विकताच येत नाही. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना, उदाहरणार्थ खानापूरकडच्या मातीकामाला, २० लाखांपर्यंत यातून सूट आहे, पॅन आणि ई-वे बिलाच्या (माल नेतानाच्या ऑनलाइन कागदाच्या) अटीवर. चकली-चटणीला नाही.

मग कोल्हापूरची वहिनी बेळगावला आली, दारात पैसे देऊन स्वतः पिशवी घेऊन गेली तर? बिलावर तिचा पत्ता नसेल तर ती विक्री आपल्याच राज्यातली धरली जाते. १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम असा आहे. त्याच तारखेपासून नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यांना ऑनलाइन बाजारातून विकण्याची परवानगी मिळाली, पण तीही राज्याच्या आतच.

मी स्वतः अजून राज्याबाहेर पार्सल करत नाही. बेळगाव, धारवाड, बेंगळूरपर्यंतच. नोंदणी केली की दर महिन्या-तिमाहीला विवरणपत्र, आणि ते भरायला बसायचे तास सध्या मुलीचे आहेत. तुमची मुलं मोठी असतील आणि पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक पक्कं असेल तर जरूर करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून फरसाण आणि लोणच्यावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

जीएसटी घेतला तर राज्याच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार बंद होतात का?

होय. घरची कर्ती बाई किंवा तिचा नवरा उत्पन्नकर भरत असेल किंवा जीएसटी विवरणपत्र भरत असेल तर गृहलक्ष्मी मिळत नाही. वर्षाचे २४ हजार. राज्याबाहेरच्या विक्रीतून हाती राहणारे पैसे त्याहून बरेच जास्त असतील तरच तो सौदा परवडतो. आधी कागदावर मांडा. नवऱ्याच्या नावावर नोंदणी करून सुटका होत नाही, हेही लक्षात ठेवा.

पैसे घरच्याच खात्यावर येतात. चालतं का?

चालत नाही. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या व्यापारी कर खात्यानं यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून लहान दुकानदारांना नोटिसा काढल्या, बेकरीवाले, दूधवाले, भाजीवाले सगळे घाबरून गेले होते. भावानं पाठवलेले पैसे, भिशीचे पैसे आणि चकलीचे पैसे एकाच खात्यावर असतील तर कोणते कुठले हे तीन वर्षांनी कोण सांगणार? धंद्याचं खातं वेगळं काढा, क्यूआर त्याच खात्याचा लावा. शंभर पानी वहीत रोजची विक्री लिहा. माझी वही रात्री नऊला, मुलं झोपल्यावर, दहा मिनिटं.

कागदपत्रं कोणती लागतात?

खाण्याचं काही विकत असाल तर अन्न सुरक्षा नोंदणी आधी. लहान उलाढालीला पूर्ण परवाना नाही, साधी नोंदणी पुरते आणि ती ऑनलाइन होते. मिळालेला १४ अंकी क्रमांक प्रत्येक पिशवीवर छापायचा. लहान उद्योगांची 'उद्यम' नोंदणी मोफत आहे, आधार आणि पॅनवर घरात बसून होते. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्याला देऊ नका. बँकेत मुद्रा योजनेचं शिशू कर्ज ५० हजारांपर्यंत तारणाशिवाय मिळतं, तिथं हे दोन्ही कागद विचारतात. शहरात असाल तर महापालिकेच्या व्यवसाय परवान्याचंही विचारून घ्या.

लेबलावर पदार्थाचं नाव, घटक, वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, किती दिवस टिकेल, तुमचं नाव-पत्ता आणि हिरवी खूण. भाषा इंग्रजी किंवा देवनागरीतली हिंदी कायद्यानं लागते, मराठी-कन्नड तिच्या जोडीला. मी तीन भाषांत छापून घेते. शेंगदाणे किंवा तीळ असतील तर ठळक लिहा, कुणाच्या तरी लेकराला त्याची ॲलर्जी असू शकते.

दारावर पाटी लावणार असाल तर राज्याच्या कन्नड भाषा कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणं तिच्यावर ६० टक्के कन्नड लागतं. रंगाऱ्याला आधीच सांगा, दोनदा खर्च नको.

गृहज्योतीची फुकट वीज धंद्याला चालते?

ती योजना घरगुती मीटरसाठी आहे, धंद्याच्या जोडणीला नाही. मोठं ग्राइंडर किंवा मोटर बसवणार असाल तर आधी हेस्कॉम या वीज कंपनीच्या तुमच्या भागातल्या कचेरीत विचारून घ्या.

महाराष्ट्राच्या योजना आपल्याला मिळतात का?

नाही. आपण टीव्ही तिकडचा बघतो, जाहिराती तिकडच्या बघतो आणि मनानं तिकडं अर्ज करून टाकतो. लाडकी बहीण महाराष्ट्रात राहणाऱ्यांची. आपल्याला कर्नाटकच्या योजना, आणि त्यांची माहिती जिल्हा उद्योग केंद्रात किंवा महिला-बालकल्याणच्या कचेरीत.

मला कन्नड वाचता येत नाही. कचेरीत कसं निभावायचं?

अर्ज करायला जाताना वाचता येणारी शेजारीण बरोबर घ्या, आणि सही करण्याआधी प्रत्येक ओळ विचारा. आमच्या समोरच्या गंगव्वा काकू माझ्यासाठी हे करतात, मी त्यांच्या मुलीच्या डोहाळजेवणाचं फराळाचं बघते. आपली मुलं पहिलीपासून कन्नड शिकतात, दुसरीतला पोरगा नोटीस घडाघडा वाचून दाखवतो. तरी धंद्याचे कागद त्याच्यापुढं ठेवायचे नाहीत असं मी ठरवलं आहे. एकदा कर खात्याचं साधं पत्रक त्यानं वाचलं आणि रात्री विचारलं, "आपल्याला पोलीस पकडणार का?" सात वर्षांच्या पोराच्या डोक्यावर ते ओझं नको.

स्वतः मात्र थोडं शिकून घ्या. बोलण्यापुरतं कन्नड आलं की गिऱ्हाईक दुप्पट होतं. आमच्याकडं निम्म्या ऑर्डरी कन्नडमध्ये बोलून पाठवलेल्या येतात.

मुलांना कामाला हात लावू द्यावा का?

हात लावू द्यावा, कामाला लावू नये. कायदाही तेच सांगतो: चौदा वर्षांखालच्या मुलानं शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धंद्यात थोडी मदत केली तर चालतं, धोक्याचं काम मात्र नाही. बिडी वळणं धोक्याच्या यादीत आहे. निपाणीकडं कितीतरी घरांत आई सुपात पानं आणि तंबाखू घेऊन बसते आणि पोरं शेजारी बसून दोरा बांधतात. आईची मजबुरी मला कळते. तरी तंबाखूची धूळ लेकरांच्या छातीत जाते. निदान सूप वेगळ्या जागी, लेकरं जवळ नाहीत अशा वेळी, आणि उठल्यावर हात-तोंड धुऊन, लुगडं बदलून मगच बाळाला घेणं एवढं तरी करावं. यंत्रमाग चालू असेल तिथंही बाळाला झोपवू नका. वडगावात पोरं खटखटाटातच झोपतात असं अभिमानानं सांगतात, पण तो आवाज कानाला चांगला नाही.

माझा मुलगा शनिवारी लेबलं चिकटवतो, वीस झाली की उठतो. मुलीला पिठाचा एक गोळा दिला की ती अर्धा तास चकल्या करते. त्या आम्ही तळतो आणि संध्याकाळी तिला देतो.

फराळाच्या दिवसात काय करायचं?

आपल्या सीमेवर एक गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्रात लांब सुट्टी दिवाळीला, आपल्या शाळांना दसऱ्याला. म्हणजे मुलं घरी असतात तेव्हा धंदा थंड आणि ऑर्डरींचा लोंढा येतो तेव्हा शाळा, डबे, घरचा अभ्यास सगळं चालू. मी याचा उपयोग करून घेते. दसऱ्याच्या सुट्टीत मुलं माहेरी खानापूरला आठ दिवस, तेव्हा भाजणी, अनारशाचं पीठ, बेसन भाजून ठेवणं, पिशव्या-लेबलं. दिवाळीआधी फक्त तळण उरतं. चाळीस किलोच्या वर ऑर्डर घेत नाही. एकदा सत्तर घेतली होती, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पोरांना नवे कपडे घालायला रात्रीचे दहा वाजले.

वर्षाची चटणी उन्हाळ्यात, मिरचीचा हंगाम असतो तेव्हा. तेव्हा मुलं दिवसभर घरी. म्हणून डंकावर कांडायला हे पहाटे नेतात.

कुंदा किंवा मांडे घरून करावेत का?

कुंद्याला खवा तासन् तास ढवळावा लागतो, हात सोडता येत नाही. मांड्यांना तर हातखंडा आणि मदतीला दोन माणसं लागतात. लेकरू लहान असताना नको.

ऑर्डर उद्याची आणि लेकराला आज ताप. काय करायचं?

गिऱ्हाइकाला लगेच फोन. रात्री अकराला नाही, कळल्याबरोबर. ऑर्डर घेतानाच मी सांगते की घरात लहान मुलं आहेत, एक दिवस मागं-पुढं होऊ शकतं, ज्यांना तारीख पक्कीच पाहिजे त्यांनी दोन दिवस आधीची द्यावी. लग्न-मुंजीच्या ऑर्डरी मी चार दिवस आधी संपवते. शिवाय अनगोळच्या एका ताईंशी बोली आहे: माझ्यावर वेळ आली तर त्या करतात, त्यांच्यावर आली तर मी. चकलीचं मापही आम्ही एकच ठेवलं आहे, म्हणजे गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. अशी एक जोडीदारीण हुडका. दुसऱ्या गल्लीतली बघा, शेजारची नको, कारण ताप आला की एका गल्लीत सगळ्यांच्याच पोरांना येतो.